सुप्तावस्थेतली भिंत

नीलांबरीचा आराखडा अकरा पानांचा होता आणि त्यात एकही गोष्ट नशिबावर सोडलेली नव्हती. तिसऱ्या पानावर पावसाचा अंदाज, पाचव्यावर बकऱ्यांचा बंदोबस्त आणि सातव्यावर एकोणीस संकटांची यादी: वीज गेली तर, बॅटरी संपली तर, उंदरानं वायर कुरतडली तर. प्रत्येक संकटासमोर त्याचा उपाय लिहिलेला. वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. झालेली मुलगी ती. प्रयोग फसतो तो माणसाच्या निष्काळजीपणामुळं, आणि नीलांबरी निष्काळजी नव्हती. म्हणजे प्रयोग फसणार नव्हता. इतकं ते सरळ होतं!

“बाबा, यात चुकायला जागाच नाही,” असं तिनं वडिलांना सांगूनही टाकलं.

बंडोपंत औंढ्याला नागनाथाच्या सेवेत होते. रोज पहाटेपासून देवापुढं उभ्या राहणाऱ्या माणसाला ‘चुकायला जागाच नव्हती, तरी असं कसं झालं’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी चष्मा लावून अकराही पानं वाचली, परत दिली आणि म्हणाले, “दसऱ्यापर्यंत तुझं चालू दे. दसऱ्यानंतर माझं ऐकायचं.”

त्यांचं म्हणजे बी.एड.; त्याच्या प्रवेशाची शेवटची फेरी दसऱ्यानंतर दोन दिवसांनी संपत होती. बी.एड. वाईट असं नीलांबरीचं म्हणणं नव्हतं. पण तिच्या तीन मावसबहिणी बी.एड. होऊन चार-सहा वर्षं घरीच होत्या, स्टँडवर न येणाऱ्या एसटीची वाट बघत बसल्यासारख्या, ओळीनं. आणि त्या बाकड्यावरची चौथी जागा आपल्यासाठी पुसून ठेवलेली तिला स्पष्ट दिसत होती. ती टाळायची तर एकच वाट होती. ती वाट म्हणजे एक भिंत.

त्याचं असं झालं. पुण्याच्या एका संस्थेनं तिला एका वर्षाची शिष्यवृत्ती दिली होती. अट अशी की गावानं मिळून एक कलाकृती करायची, तिच्यात जिवंत निसर्ग हवा आणि संगणकही हवा. वर्ष संपता संपता समिती येऊन बघणार आणि पसंत पडलं तर आणखी दोन वर्षं काम मिळणार.

सेनगावपासून जीपनं पाऊण तासावर पेमा नाईकांचा तांडा आहे. तिथल्या रुक्माबाईच्या घराची रस्त्याकडची भिंत नीलांबरीनं निवडली. मातीची, बारा फूट लांब, दोन हात जाड. तिच्यात तिनं बारा खाचा केल्या, प्रत्येक खाचेत एक रोप लावलं, प्रत्येक रोपाच्या मुळाशी केसासारखी बारीक तार सोडली आणि बाराही तारा भिंतीतल्या देवळीत ठेवलेल्या एका डब्यात नेल्या. डब्यात पत्त्यांच्या कॅटाएवढा संगणक. पानाला हात लावला की आपल्या अंगातली इवलीशी वीज पानाला भेटते, ते तारेला कळतं, तार डब्याला सांगते, आणि समोरच्या कडुलिंबावर टांगलेल्या स्पीकरमधून तांड्यातल्या एका माणसाचा आवाज येतो. बारा रोपं, बारा आवाज.

आवाज तिनं स्वतः दारोदार फिरून गोळा केले. रुक्माबाईनं अंगाई म्हटली. पेमा नाईकांनी, त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ लादून कुठून कुठं जायचे ते सांगितलं, आणि अर्ध्यातच बैलांची नावं आठवायला बसले ते बारा नावं झाल्यावरच उठले. धुरपताबाईनं मुंग्यांवरून पाऊस कसा ओळखायचा ते सांगितलं. रूपाबाईनं काही सांगायला साफ नकार दिला, पण तेवढ्यात तिच्या बकऱ्या तुरीत शिरल्या आणि तिनं त्यांना ज्या शिव्या घातल्या त्या आयत्याच नोंदल्या गेल्या. सगळ्यांत स्पष्ट आवाज तोच आला होता, म्हणून नीलांबरीनं तो ठेवला.

राहता राहिली रोपं. ‘बाहेरची शोभेची झाडं नकोत, याच मातीतली हवीत,’ असं आराखड्याच्या दुसऱ्या पानावर ठळक अक्षरांत होतं. त्याप्रमाणे तिनं बांधाबांधानं हिंडून पाच जाती निवडून आणल्या: केना, दुधी, आघाडा, तरोटा आणि हरळी. त्यांची लॅटिन नावं तिला पाठ होती. मराठी नावं तांड्यातल्या बायकांना पाठ होती, कारण आषाढापासून भादव्यापर्यंत रोज कंबरेत वाकून, हातात खुरपं घेऊन, सोयाबीनमधून त्या याच पाच जणांना उपटून फेकत असायच्या.

हा मुद्दा एकोणीस संकटांत नव्हता.

तीन महिने ती आठवड्यातून दोनदा यायची. औंढ्याहून एसटी, मग सेनगावहून तांड्यातल्या रणजीतची जीप. रोपांना थेंबथेंब पाणी मिळावं म्हणून तिनं वळचणीला सलाईनच्या रिकाम्या बाटल्या नळीसकट टांगल्या होत्या. धुरपताबाईनं एकदा भिंतीला काय आजार झालाय ते विचारलं, तेव्हा सगळे हसले, नीलांबरीही हसली. झाडांबद्दल विचारलं गेलं ते तेवढंच. पुरुषांनी माती तुडवून दिली, बायकांनी आवाज दिले, तारा कशा जोडायच्या ते सगळ्यांनी उकिडवं बसून बघितलं. झाडांचं काय ते सगळ्यांना समजलं असेल, असं नीलांबरी समजून चालली. तिकडं तांड्याचा समज झाला की तारा ही मुख्य गोष्ट आहे, भिंतीवर तण माजलंय ते मात्र पोरीला काढता येत नाही आणि सांगायची तिला लाज वाटते.

समितीची तारीख आली ती घटस्थापनेच्या आधीच्या शनिवारची. आपल्याकडं त्या आठवड्यात दसरा काढतात. म्हणजे घरातली भांडी, गोधड्या, डबे, कणग्या सगळं अंगणात येतं, धुवून निघतं. भिंती शेणामातीनं लिंपायच्या, वरून पांढऱ्या मातीनं पोतारायच्या. त्या आठवड्यात ज्या घराच्या भिंतीवर गवत दिसेल, त्या घरात बाई नाही असं खुशाल समजावं. नीलांबरीच्या घरी फरशी होती. दसरा काढणं तिला माहीत होतं ते तांब्याची भांडी चिंचेनं घासण्यापुरतं. तिनं गुरुवारी पेमा नाईकांना फोन करून सांगितलं की शनिवारी साडेदहाला पुण्याचे पाहुणे भिंत बघायला येणार आहेत. बस, एवढंच सांगितलं.

शनिवारी साडेनऊला रणजीतच्या जीपमधून ती उतरली आणि आपण चुकीच्या तांड्यावर आलो की काय असं तिला वाटलं.

भिंत पांढरीशुभ्र होती. बगळ्याच्या पंखासारखी! खाली गेरूचा पट्टा, पट्ट्यावर बोटांनी काढलेल्या ठिपक्यांची ओळ. सलाईनच्या बाटल्या गायब. बाराही तारांची टोकं मात्र भिंतीतून बरोब्बर एकेक वीत बाहेर आलेली, उन्हात चमकणारी. भिंतीला मिशा फुटल्यासारख्या. भिंतीसमोर नऊ बायका उभ्या होत्या, कोपरापर्यंत माखलेल्या, पहाटेपासून राबलेल्या, आणि परीक्षेचा निकाल लागणार असल्यासारख्या तिच्या तोंडाकडं बघणाऱ्या.

सगळा तांडा रुक्माबाईला याडी म्हणतो, म्हणजे आई. ती पुढं आली.

“तारांना हात न्हाई लावू दिला कुणाला,” तिनं आधी धीर दिला. “एकेक तार पदरानं पुसली. अन् ते देवळीचं भोक उघडं दिसत होतं, ते बुजवून टाकलं. डब्बा आत हाय, बराबर.”

“आणि... झाडं?”

“तण? तीन महिने बघून राहिले मी, किती माजलं होतं. तुमी देवळातली मानसं, तुमच्या हाताला खुरप्याची सवय न्हाई. म्हनलं, पाहुण्यात पोरीची इज्जत जाईल, आपणच काढावं.” मग जरा थांबून, खालच्या आवाजात तिनं विचारलं, “कशी झाली?”

शास्त्राच्या विद्यार्थ्यानं निरीक्षण आहे तसं सांगावं असा नियम आहे. नीलांबरीनं नऊ जणींच्या तोंडांकडं बघितलं. धुरपताबाईच्या भुवईवर वाळलेल्या मातीचा टिळा होता. एकीच्या बोटाला तारेनं कापलं होतं आणि तिनं चिंधी बांधून पुढची तार पुसली होती.

“छान झाली,” नीलांबरी म्हणाली. आणि तेवढ्यानं भागेना असं बघून म्हणाली, “खूपच छान.”

सांगायला अजून एक तास हातात होता. त्या तासात तिनं चहा घेतला.

साडेदहाला समिती आली. समिती म्हणजे दोन माणसं. देवश्रीताई प्रमुख. समोरच्याचं बोलून झालं की उत्तर देण्याआधी मोजून दोन सेकंद गप्प राहायची त्यांना सवय होती, आणि त्या दोन सेकंदांत भल्याभल्यांना आपली सगळी पापं आठवायची. त्यांच्याबरोबर अद्वैत नावाचा एक तरुण होता. तो टॅबवर रकाने भरत होता.

देवश्रीताई भिंतीपुढं उभ्या राहिल्या. दोन सेकंद झाले. मग त्यांनी हलकेच तळहात भिंतीवर ठेवला.

आता, ओल्या शेणामातीतून वीज छान वाहते. बारा तारा त्या एका ओल्या थराखाली एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या. संगणकाच्या हिशेबानं तिथं बारा झाडं नव्हती, बारा फूट लांब एकच अवाढव्य झाड होतं, आणि त्याच्या प्रत्येक पानाला एकाच वेळी हात लागला होता.

लिंबावरून बारा माणसं एकदम बोलायला लागली! अंगाईत मीठ मिसळलं, मिठाला मुंग्या लागल्या, आणि सगळ्यांच्या वर रूपाबाईचा आवाज चढला तो बकऱ्यांच्या सात पिढ्यांवर. खऱ्या बकऱ्यांनी तो ओळखला आणि अंगणात सुकत घातलेल्या भांड्यांवरून उड्या मारत त्या पांगल्या. पेमा नाईक बाजेवर बसून कान देऊन ऐकत होते. एके ठिकाणी मान हलवून त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं की तिसऱ्या बैलाचं नाव आपण चुकीचं घेतलंय. तांडा खूश होता. तांड्यावर एरवी तरी कोण एकेक करून बोलतं?

नीलांबरीनं ताईंना हात काढायला सांगितला. हात काढला तरी आवाज थांबेना, कारण अद्वैत टॅबसकट भिंतीला टेकला होता. त्याला बाजूला केलं, तर एक कोंबडी खालून घासून गेली. मग कुणीच शिवलं नाही तरी चालू, कारण भिंत उन्हानं वाळत होती आणि तिच्यातली प्रत्येक हालचाल डब्याला स्पर्शच वाटत होती. डबा बंद करायचा तर तो भिंतीच्या पोटात. शेवटी रणजीतनं लिंबावर चढून स्पीकरची वायर उपटली.

शांतता झाली. एवढी, की भिंतीसाठी आणलेल्या पाण्याच्या घागरीत पडलेला किडा पोहताना ऐकू यावा.

“आणि यातली झाडं?” देवश्रीताईंनी विचारलं.

दोन पावलांवर रुक्माबाई उभी होती, हात पुसत, हसऱ्या तोंडानं. खरं सांगायचं तर तिच्यादेखत सांगावं लागणार होतं.

“झाडं सध्या सुप्तावस्थेत आहेत,” नीलांबरी म्हणाली.

हे वाक्य कुठून आलं ते तिलाही कळलं नाही. पण आल्यावर त्याच्या मागून आणखी आली. वरचा भाग काढला की वनस्पती मातीखाली विश्रांती घेते, शक्ती साठवते, मग दुप्पट जोमानं वर येते. तांड्यानं सणाच्या आधी भिंतीला ही विश्रांती दिली आहे. हा कलाकृतीचाच एक टप्पा आहे. अद्वैत भराभर टाइप करत होता. आयुष्यात इतकं सफाईदार खोटं ती पहिल्यांदाच बोलत होती.

दोन सेकंद झाले.

“किती दिवसांत येतील वर?”

“आठ,” नीलांबरी म्हणाली, कारण काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

“मग ठीक. आम्ही नांदेडची कामं बघून पुढच्या रविवारी याच रस्त्यानं परतणार आहोत. अकराला येऊन जाऊ. निर्णय त्यावरच.”

गाडी गेल्यावर नीलांबरीनं डबा काढण्यापुरतं भिंतीला भोक पाडलं. तेवढ्यानंही रुक्माबाईचा चेहरा असा झाला, की जणू तिच्या लेकराच्या नव्या अंगरख्याला कुणी कात्री लावली. डबा बाहेर आला आणि पाच मिनिटांत भोक लिंपून झालं. त्या भिंतीला पुन्हा बारा खाचा कराव्यात, बांधावरचं तेच तण आणून लावावं, आणि हे सगळं या नऊ जणींच्या डोळ्यांदेखत करावं, हे नीलांबरीच्या हातून होणं शक्य नव्हतं. ती डबा घेऊन औंढ्याला परत आली.

आठवडा फार वाईट गेला. घरात घट बसले होते, आई अनुसूयाबाई नऊ दिवसांच्या उपासात होत्या आणि जेवत नव्हती ती मात्र नीलांबरी. तिनं एकदा कागद घेऊन हिशेब केला. बी पेरल्यापासून हातात धरण्याजोगं रोप व्हायला एकवीस दिवस. तिच्याकडं आठ होते, आणि बी कुणी पेरलंच नव्हतं. तिनं कागदाची घडी घातली. बंडोपंत बोलले असते तर भांडता तरी आलं असतं. ते फक्त तिच्या ताटाकडं बघायचे आणि आपला भात कालवायचे.

त्या हिशेबात एक चूक होती. हरळीचं खोड मातीच्या आत आडवं पळतं. वरून कापलं तर ते रागानं जास्तच पळतं, आणि वरून ओलं शेण थापलं तर विचारूच नका. हे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असतं. नीलांबरीनं त्यावर आठ गुणांचा प्रश्न आकृतीसकट सोडवला होता. पण ऐन दुःखात माणसाला स्वतःचा फोन नंबर आठवत नाही, तिथं हरळीचं खोड कुठून आठवणार?

रविवारी ती निघाली ती केवळ पाहुण्यांना तोंड दाखवायचं म्हणून. सेनगावला रणजीत जीप घेऊन उभाच होता. ती डबा मांडीवर घेऊन पुढं बसली. रणजीतनं दोन-तीनदा तिच्याकडं बघितलं आणि काहीतरी बरं बोलावं म्हणून सुरुवात केली.

“म्याडम, तुमची भिंत लई जिद्दी निघाली.”

“का?”

“मंगळवारी पाऊस झाला ना. गुरुवारी बघतो तर हिरवे ठिपके. शुक्रवारपर्यंत सगळी भिंत हिरवीगार. वरून खालपर्यंत, बोट ठेवायला जागा न्हाई. त्या शेणात बी असंल, अन् हरळी तर काय, तिला लाजच न्हाई.”

नीलांबरीनं त्याला ते पुन्हा सांगायला लावलं. मग पानं केवढी आहेत ते विचारलं. त्यानं स्टिअरिंगवरचा एक हात काढून वीतभर दाखवली.

वीतभर! हरळीचं आडवं खोड, त्याची पेरं, पेरांवरचे कोंब, ती अख्खी आकृती तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. म्हणजे सुप्तावस्था होती! ती खोटं बोललीच नव्हती. ती खरं बोलली होती, फक्त तिला ते माहीत नव्हतं. आणि ही भिंत आधीच्यापेक्षा चांगली होती, कारण आता त्यात लिंपणाऱ्या बायका होत्या, शेण होतं, पाऊस होता, सगळं होतं. तिनं रणजीतला जोरात घ्यायला सांगितलं. खड्ड्यांत जीप उडत होती आणि ती हसत होती. डब्यातली बॅटरी चालू करून तिनं दिवा बघितला: हिरवा. दोन वर्षांत तीन तांडे घ्यायचे, हे तिनं गोरेगाव फाट्याआधीच ठरवून टाकलं.

रणजीतलाही तिचं हसू बघून बरं वाटलं.

“अन् तुमी तकलीफ घेऊ नका,” तो म्हणाला. “पाहुणे पुन्हा येऊन राहिले, हे मी याडीला कालच सांगितलं. सकाळपासून बसल्यात सगळ्या भिंतीला. आता झाली असंल साफ.”

जीप तांड्यावर पोचली तेव्हा सव्वादहा झाले होते. अंगणात उपटलेल्या तणाच्या दोन पाट्या होत्या आणि त्यांत रूपाबाईच्या बकऱ्यांची तोंडं होती. भिंतीवर एकच झुपका उरला होता. नीलांबरी उतरून धावेपर्यंत रुक्माबाईनं तो मनगटाच्या एका हिसक्यात काढला, मुळं झटकली आणि मागं टाकला.

“या खेपेला पक्कं काम केलं,” ती म्हणाली. “खुरपं आत घालून मुळासकट काढलं. आता वरीसभर येत न्हाई.”

नीलांबरी तिथंच, लिंबाखाली, मातीत बसली. आणि तिथं बसून, डबा पोटाशी धरून, तिनं पहिल्यांदा सगळं सांगितलं. ते गवत तिनं लावलं होतं. त्याच्यासाठीच तारा होत्या. त्याच्यासाठीच सलाईन होतं. पाहुणे येणार होते तेही तेच बघायला, आणि ते आज नसलं तर हे सगळं आज संपणार होतं, तीही परत येणार नव्हती.

 खुरपी खाली गेली.

“म्हंजी ते तण नव्हतं?” रुक्माबाईनं विचारलं.

“तणच होतं. पण मीच लावलं होतं.”

“मुद्दाम?”

“मुद्दाम.”

बायकांनी एकमेकींकडं बघितलं. धुरपताबाईनं फक्त स्वतःची कंबर धरली. ज्या कंबरेनं आयुष्यभर जे उपटलं ते कुणी मुद्दाम लावतं, हे कळायला त्या कंबरेला जरा वेळ लागत होता.

“मंग पहिल्या दिशीच काहून न्हाई सांगितलं?” रुक्माबाईनं विचारलं.

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“आता काय बरं वाटून राहिलं का?”

 रुक्माबाईनं उत्तराची वाट बघितली नाही. तिनं पदर खोचला आणि तिच्या भाषेत नऊ-दहा शब्द बोलली. नीलांबरीला त्यातला एकही कळला नाही, पण बायका अशा हलल्या की जणू पाखरांचा थवा उठला. दोघींनी बकऱ्यांच्या तोंडातून तण ओढून काढलं. एकीनं माती भिजवली. नऊ झुपके त्यातल्या त्यात धड निघाले, बाकीचं बकऱ्यांच्या सुप्तावस्थेत गेलं होतं. नीलांबरी डब्याला तारा जोडून एकेका मुळाला गुंडाळत गेली, बायका चिखल लावून एकेक झुपका भिंतीवर थापत गेल्या. रणजीतनं स्पीकर जोडला. अकराला दहा कमी.

चिखल पातळ झाला होता. पहिला झुपका पडला. दुसरा घसरत गेरूच्या पट्ट्यापर्यंत आला आणि पडला. वाळायला दुपार हवी होती, आणि रस्त्यावर गाडीचा धुरळा दिसायला लागला होता.

“धरा,” रुक्माबाई म्हणाली.

देवश्रीताई गाडीतून उतरल्या तेव्हा त्यांना दिसलं ते असं. नऊ बायका रस्त्याकडं पाठ करून, हात वर करून, भिंतीला ओळीनं चिकटून उभ्या आहेत. प्रत्येकीच्या दोन्ही तळव्यांखाली चुरगळलेल्या, चावलेल्या गवताचा एकेक झुपका. कोपरांवरून चिखल ओघळतोय. आणि लिंबावरून त्यांचेच आवाज एकदम, न थांबता चाललेत: अंगाई, मुंग्या, पाऊस, शिव्या. कारण हात लागलाय तोवर आवाज येणार, आणि हात तर काढायचा नव्हता. यंत्रणेत दोष म्हणून शोधून सापडला नसता. नीलांबरी भिंतीच्या टोकाला उभी होती आणि आता जमीन दुभंगली तर बरं, असं तिला वाटत होतं.

या वेळी दोन सेकंदांचे दहा झाले.

रुक्माबाईनं मान वळवून खांद्यावरून बघितलं.

“बघून घ्या बाई लवकर,” ती म्हणाली. “हात सोडला की पडतंय.”

ताईंनी बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत, प्रत्येक झुपक्यापुढं थांबत, प्रत्येक बाईला नमस्कार करत बघितलं. धुरपताबाईनं नमस्काराला उत्तर म्हणून हात जोडले आणि तिचा तरोटा पडला. अद्वैतनं काहीतरी टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. मग दोघांनी चहा घेतला, आणि गाडी गेली. गाडी वळेपर्यंत आठ जणींनी हात काढले नाहीत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी अहवाल आला. एक पान. नीलांबरीनं तो मोठ्यानं वाचायचं टाळलं, म्हणून बंडोपंतांनी चष्मा लावून स्वतः वाचला.

‘तंत्रज्ञान: समाधानकारक. समुदायाचा सहभाग: दहापैकी दहा. सजीव घटक: नऊ, सर्व महिला; त्यांनी हात काढल्यास कलाकृती शिल्लक राहत नाही. पुढील टप्प्यासाठी शिफारस नाही.’

बंडोपंतांनी ते दोनदा वाचलं. स्वयंपाकघराकडं तोंड करून त्यांनी अनुसूयाबाईंना सांगितलं की पोरीला एका विषयात दहापैकी दहा पडलेत. मग बी.एड.चा अर्ज तिच्यापुढं ठेवला. नाव, पत्ता, टक्केवारी त्यांनी आधीच सुवाच्य अक्षरात भरलं होतं. एकच रकाना तिच्यासाठी सोडला होता.

‘इतरांना एखादी गोष्ट समजावून सांगण्याचा पूर्वानुभव.’

नीलांबरीनं पेन उघडलं. एक वर्ष, अकरा पानं, एकोणीस संकटं, आठवड्यातून दोनदा औंढा ते सेनगाव. तिनं बराच विचार केला. शेवटी शास्त्राच्या विद्यार्थिनीला शोभेल अशा अचूकपणे, निरीक्षण आहे तसं, तिनं लिहिलं: ‘नाही.’

आणि खाली सही केली.